गाडीतला आवाज आणि पनवेलच्या रस्त्यांची नावं

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न दिले आहेत.)



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानमालेत जीपीएस कुठून आला? सांगतो. माझ्या भाच्यानं गाडी घेतली. गाडीत बसवायचा जीपीएस घ्यायला तो दुकानात गेला आणि तिथूनच त्यानं मला फोन केला. "मामा, दोन यंत्रं आहेत. एक फक्त डावीकडे वळा, उजवीकडे वळा म्हणतं. दुसरं रस्त्याचं नावसुद्धा बोलतं. त्याला पैसे जास्त आहेत. घेऊ का?" मी म्हटलं, "अरे, मी इतिहासाचा माणूस, मला काय विचारतोस?" फोन ठेवल्यावर मात्र लक्षात आलं, की हा प्रश्न इतिहासाचाच आहे. रस्त्याचं नाव बोलणारं यंत्र घ्यायचं, तर आधी रस्त्याला नाव हवं. ते नाव कुणी ठेवलं, कुणी कागदावर लिहिलं, कुठल्या लिपीत लिहिलं, यावर त्या यंत्राची सगळी हुशारी अवलंबून असते.

त्याच आठवड्यातली आमच्या घरची गोष्ट. वहिनी रात्री मुंबईहून भाड्याच्या गाडीनं पनवेलला येत होत्या. ड्रायव्हर परप्रांतातला, या बाजूला नवा. कळंबोलीला यंत्र त्याला सांगतंय, "एनएच फॉर्टी एट". आणि तो पाट्यांवर शोधतोय अठ्ठेचाळीस. पाट्यांवर मोठ्या अक्षरात काय दिसतं? पुणे, गोवा, पनवेल. तो बिचारा आकडा शोधता शोधता सरळ एक्सप्रेसवेवर चढला. आता एक्सप्रेसवेवर चढलेल्या माणसाला मध्येच मागे वळता येत नाही. पुढच्या फाट्याला उतरून, वळसा घालून, मध्यरात्र उलटल्यावर वहिनी घरी. यंत्र खोटं बोललं नव्हतं. जुना मुंबई-पुणे रस्ता आज खरोखरच राष्ट्रीय महामार्ग ४८ आहे. पण पनवेलमध्ये त्याला ४८ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

तर माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगतो. रस्त्याची तीन नावं असतात: लोकांच्या तोंडातलं, पाटीवरचं आणि यंत्रातलं. ही तीन जुळली तर बोलणारा जीपीएस पैसे वसूल करून देतो. नाही जुळली तर तो नुसता बडबडतो. आता ही तीन नावं एकमेकांपासून कशी दुरावली, ते पनवेलचाच दाखला घेऊन बघू.

तोंडातलं नाव

पनवेल हे मुळात बंदर. खाडीच्या तोंडाशी होड्या लागायच्या आणि माल घाटावर जायचा. १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि पनवेलचं महत्त्व एकदम वाढलं. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीनं पनवेलला उतरायचा आणि इथून पुढे जमिनीवरचा प्रवास करायचा. टपालही याच वाटेनं जायचं. पनवेलची बैलगाडीची चाकं प्रसिद्ध होती, ती काही उगाच नाही. जिथून गाड्या निघतात तिथेच चाकं बनतात. १८५२ साली इथं नगरपालिका आली, म्हणजे हे गाव तेव्हाच किती नांदतं होतं बघा. पुढे १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली, ती कल्याण-कर्जतवरून. पनवेल बाजूला पडलं. पण नावं राहिली.

कशी नावं? आपल्याकडे जुन्या गावात रस्त्याला नाव कमी आणि जागेला नाव जास्त. वस्तीची ती आळी. लाइन आळी, प्रभू आळी. रस्ता जिथे गावाबाहेर पडतो तो नाका आणि रस्ता जिकडे जातो त्या गावाचं नाव नाक्याला. उरणकडे जातो तो उरण नाका. ठाण्याकडे जातो तो ठाणा नाका. आता हा ठाणा नाका बघा, मला फार आवडतो. १९७३ साली वाशीचा खाडीपूल सुरू झाला. त्याच्या आधी मुंबईहून पनवेलला रस्त्यानं यायचं म्हणजे ठाणे, मुंब्रा, शीळ फाटा असा वळसा. म्हणजे मुंबईची वाटसुद्धा ठाण्यावरूनच. आणि तेव्हा 'ठाणा' हे रूप रूढ होतं. आता शहर ठाणे झालं, पनवेलचा नाका मात्र ठाणाच राहिला. दोन शब्दांच्या नावात केवढा भूगोल आहे! रस्ता कुठे जायचा ते आहे आणि लोक त्या गावाला काय म्हणायचे तेही आहे.

मग पत्ता कसा सांगायचे? "टपाल नाक्यावरून सरळ ये, तळं लागलं की डाव्या हाताला." यात रस्त्याचं नाव कुठेच नाही. खूण आहे, हात आहे, अंतराचा अंदाज आहे. आपण आजही असाच पत्ता सांगतो. हे मागासलेपण नाही बरं का. थोड्या वेळानं सांगतो, अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनाही शेवटी हेच करावं लागलं.

कागदावरचं नाव

दुसरं नाव कागदावरचं. इंग्रजांनी मोजणी केली, नकाशे केले, गॅझेटियर लिहिली. पनवेल तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, त्यामुळे १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये पनवेल सापडतं. आता प्रश्न आला, की 'कळंबोली' रोमन अक्षरांत लिहायचं कसं? सुरुवातीला ज्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. जुन्या इंग्रजी कागदांत पनवेलचं स्पेलिंग शेवटी दोन एल घालून, मधे डब्ल्यू घालून केलेलं दिसतं. जणू काही ही एखादी विहीर आहे! मग विल्यम हंटर नावाच्या अधिकाऱ्याच्या पद्धतीनं देशभरातल्या नावांना एक शिस्त लावली गेली. तिला हंटेरियन पद्धत म्हणतात आणि भारताचे सरकारी नकाशे आजही तिच्याच वाटेनं जातात.

पद्धत सोपी होती, पण सोपेपणाची किंमत असते. तिच्यात त आणि ट यांना एकच टी. द आणि ड यांना एकच डी. रोजच्या वापरात ल आणि ळ यांना एकच एल. दीर्घ आ दाखवायला अक्षरावर खूण होती, पण छापताना ती खूण गळाली, म्हणजे अ आणि आ यांनाही एकच ए. साहेबाला हे चाललं, कारण कागद वाचणाऱ्याच्या शेजारी तलाठी उभा असायचा. साहेब चुकला की तलाठी म्हणायचा, "साहेब, कळंबोली." आपल्या गाडीत तलाठी नाही. गाडीत फक्त साहेबाचा कागद आहे.

आकड्यांचं नाव

तिसरा टप्पा आकड्यांचा. १९७० साली सिडको स्थापन झाली. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर उभं राहिलं, पण आळी आणि नाके घेऊन नाही. सेक्टर, प्लॉट, रोड नंबर घेऊन. नियोजनाच्या दृष्टीनं ते स्वच्छ होतं. पण सेक्टर एक इथंही आहे आणि शेजारच्या नोडमध्येही आहे. आतल्या कितीतरी रस्त्यांना लोकांच्या तोंडात नावच नाही. अशा ठिकाणी नाव बोलणारं यंत्र काय बोलणार? "डावीकडे वळा" म्हणून गप्प बसतं.

त्यात महामार्गांचे आकडे बदलले. २०१० साली देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवीन क्रमांक दिले गेले. मुंबई-पुण्याचा चार होता, तो ४८ झाला. गोव्याचा १७ होता, तो ६६ झाला. पनवेलकर अजून म्हणतात, "जुना हायवे", "गोवा हायवे". आणि मुंबईकडून येणाऱ्या रस्त्याला सरकारी मराठी पाटी म्हणते शीव-पनवेल महामार्ग, इंग्रजी पाटी म्हणते सायन आणि आपणही सायनच म्हणतो. शीव म्हणजे वेस, हद्द. मुंबई बेटाची वेस. तोच शब्द इंग्रजांच्या तोंडात सायन झाला आणि परत आपल्या तोंडात येऊन बसला. बाहेरून आलेल्या ड्रायव्हरला शीव आणि सायन हे एकच, हे कोण सांगणार?

यंत्र बोलायला कसं शिकलं

आता यंत्राकडे वळू. १९८५ साली अमेरिकेत इटॅक नावाच्या कंपनीनं गाडीत बसवायचा नकाशा विकायला काढला. तेव्हा नकाशे कॅसेटवर असायचे. हो, गाण्याची असते तशी कॅसेट. पडदा छोटा आणि ड्रायव्हरनं त्याच्याकडे बघत गाडी चालवायची. धोका उघड होता. मग विचार आला, की डोळे रस्त्यावर राहू देत, कानात सांगू.

१९८९ च्या सुमारास एमआयटीमध्ये जेम्स डेव्हिस आणि ख्रिस श्मांट यांनी एक प्रयोग केला. नाव दिलं 'बॅक सीट ड्रायव्हर'. म्हणजे मागच्या सीटवर बसून सूचना करणारा माणूस. आपल्याकडे प्रत्येक घरात एक असतोच. (हशा) संगणक प्रयोगशाळेत होता आणि त्याचा आवाज गाडीतल्या फोनवरून यायचा. हा प्रयोग करताना त्यांना कळलं, की नुसतं रस्त्याचं नाव सांगून भागत नाही. चालत्या गाडीतून पाटी वाचता येतेच असं नाही. म्हणून त्यांनी यंत्राला सिग्नल, लेन, रस्त्याचा आकार या खुणांनी बोलायला शिकवलं. बघा, "तळं लागलं की डाव्या हाताला" हीच ती रीत.

पुढे मे २००० मध्ये अमेरिकेनं जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. जागा शंभर मीटरनं चुकायची, ती दहा-वीस मीटरवर आली. गाडी नेमकी कुठल्या रस्त्यावर आहे हे आता कळू लागलं. आणि २००५ च्या आसपास बाजारात रस्त्याचं नाव बोलणारी यंत्रं आली.

इथे एक फरक समजून घ्या, खरेदीला उपयोगी आहे. यंत्रात दोन तऱ्हेचे आवाज असतात. एक ध्वनिमुद्रित. कुणीतरी माणूस स्टुडिओत बसून "डावीकडे वळा", "तीनशे मीटरवर" अशी ठरावीक वाक्यं बोललेला असतो. आवाज गोड, पण त्याला लाखो रस्त्यांची नावं बोलता येत नाहीत, कारण ती कुणी मुद्रित केलेलीच नाहीत. दुसरा आवाज संगणकानं तयार केलेला. तो लिहिलेलं वाचतो, म्हणून कुठलंही नाव बोलू शकतो. रस्त्याचं नाव बोलण्याची सोय फक्त या दुसऱ्या आवाजात असते. त्यामुळे यंत्रात सोय असूनही तुम्ही चुकून पहिला आवाज निवडलात, तर नाव ऐकूच येणार नाही आणि तुम्ही म्हणाल, दुकानदारानं फसवलं.

आणि हा दुसरा आवाज लिहिलेलं वाचतो, म्हणजे काय वाचतो? साहेबाचा कागद! आपल्याकडे नावांची भरणी वर्षानुवर्षं रोमन अक्षरांतच होत आली. तिथे आळीचं स्पेलिंग ए, एल, आय. यंत्र वाचतं 'अली'. लाइन आळीचा झाला लाइन अली. नाक्यातला काना गेला की होतो 'नका'. आता विचार करा, तुम्ही गाडी चालवताय आणि यंत्र म्हणतंय, "उजवीकडे वळा, उरण नका". वळू की नको? (हशा) खांदा कॉलनीची होते खंडा कॉलनी. पळस्प्याचा पलास्पे. आपल्या तालुक्यात पाले नावाचं गाव आहे, त्याचं स्पेलिंग इंग्रजी आवाजाला दिलं तर तो 'पेल' म्हणेल, म्हणजे फिकट. संक्षेपांचं वेगळंच. डी आणि आर ही अक्षरं दिसली की यंत्रानं डॉक्टर म्हणायचं की ड्राइव्ह? मुंबईतल्या पेडर रोडचं अधिकृत नाव डॉ. गोपाळराव देशमुख मार्ग आहे. यंत्रानं ते अगदी शुद्ध उच्चारलं, तरी पेडर रोड शोधणाऱ्याला ते कळणार नाही. तिथे उच्चार बरोबर, पण तोंडातलं नाव वेगळं.

एक सांगायला हवं, सुधारणा होते आहे. जानेवारी २०२१ मध्ये गूगल मॅप्सनं मराठीसह दहा भारतीय भाषांत ठिकाणांची नावं लिप्यंतर करून दाखवायला सुरुवात केली. पण लिप्यंतर म्हणजे रोमनवरूनच मागे जाणं. ळ एकदा हरवला की तो मागे जाऊन शोधायला कुणीतरी माहितगार लागतो.

मग घ्यायचं काय?

भाच्याला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. दुकानात गेलात की डबा वाचू नका, यंत्राला बोलतं करा. पाच नावं घाला: कळंबोली, खांदा कॉलनी, लाइन आळी, उरण नाका, पळस्पे फाटा. आणि डोळे मिटून ऐका. पाचांतली तीन ओळखू आली तर यंत्र बरं. एकही नाही आलं, तर जास्तीचे पैसे कशाला?

दुसरं, भाषा दोन ठिकाणी असते. आवाजाची भाषा आणि नकाशातल्या नावांची भाषा. मराठी आवाज आणि रोमन नावं अशी जोडी झाली तर घोटाळा होऊ शकतो. दोन्ही तपासा. इंग्रजी घ्यायचीच असेल तर भारतीय इंग्रजीचा आवाज निवडा, परदेशी नको.

तिसरं, नकाशा ताजा आहे का आणि पुढे ताजा करून मिळेल का. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. जुना नकाशा त्या पुलावर तुमची गाडी समुद्रात दाखवील. ज्या यंत्राला रस्ताच माहीत नाही, ते त्याचं नाव काय बोलणार? आणि महामार्गाचे आकडे जुने आहेत की नवे, तेही बघा. चार म्हणतोय की ४८?

चौथं, नाव बोलणं बंद-चालू करता येतं का. मोठ्या रस्त्यावर ते चालू ठेवा, तिथे पाट्या आहेत, कान आणि डोळा यांचा मेळ बसतो. गावात आळीबोळांत बंद ठेवा, तिथे नुसतं डावं-उजवं बरं. आणि गाडीच्या पडद्यावर मोबाइलच जोडणार असाल, तर आवाज मोबाइलच्या अॅपचा असतो. मग वेगळं यंत्र घेण्याआधी फोनच तपासा.

पण मंडळी, एवढ्यावर विषय संपत नाही. यंत्राला दोष देणं सोपं आहे. आपल्या आळीच्या तोंडाशी देवनागरीत स्वच्छ नाव लिहिलेली पाटी आहे का? २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली, आजूबाजूची गावं तिच्यात आली. त्या गावांतल्या वाटांची नावं म्हाताऱ्या माणसांना माहीत आहेत. ती कुणी लिहून घेतली? जे लिहिलं नाही ते यंत्र बोलणार नाही आणि जे चुकीचं लिहिलं ते चुकीचंच बोलणार. तेही रोज, हजारो गाड्यांत, न थकता.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, यंत्र नाव कसंही उच्चारो, माणूस पोहोचला म्हणजे झालं. त्यात एवढं काय?

उत्तर: पोहोचला तर झालं, मान्य. पण आमच्या वहिनी पोहोचल्या नाहीत ना वेळेवर. त्यांच्या जागी अॅम्ब्युलन्स असती तर? आणि दुसरी गोष्ट. माझ्या शेजारी नव्यानं राहायला आलेली मुलं आहेत, गुणी आहेत, पण ती कळंबोलीला कलंबोली म्हणतात. कुणाकडून शिकली? शेजाऱ्यांकडून नाही, गाडीतून. पूर्वी नवा माणूस नाक्यावर थांबून वाट विचारायचा आणि वाटेबरोबर नावाचा उच्चारही घेऊन जायचा. आता तो थांबत नाही. म्हणजे गावाचं नाव शिकवण्याचं काम आपण यंत्राकडे सोपवलं. मग त्याला नीट शिकवायला नको?

प्रश्न: ते आपण सामान्य माणसं कसं शिकवणार?

उत्तर: सोपं आहे. बऱ्याच नकाशांच्या अॅपमध्ये चुकीचं नाव दुरुस्त करायची सूचना पाठवता येते. आपल्या आळीचं, आपल्या नाक्याचं नाव देवनागरीत लिहून पाठवा. एकदा नाही ऐकलं तर परत पाठवा. आणि पाटीसाठी आपल्या नगरसेवकाकडे अर्ज द्या. भाच्यानं यंत्र घेतलं, नाव बोलणारंच घेतलं. घरी आल्यावर त्यानं पहिलं काम हेच केलं, लाइन आळीची दुरुस्ती पाठवली. अजून यंत्र अलीच म्हणतं. पण तो दर महिन्याला पाठवतो आणि मला फोन करून सांगतो, "मामा, पाठवलं."